होडीच्या मशीनमधलं शिळं पेट्रोल : आधी काढा, मग दोरी ओढा



पावसाळा सरतो, तापीचं गढूळ पाणी निवळतं, सारंगखेड्याच्या बॅरेजचे दरवाजे बंद होतात आणि वरच्या अंगाला पाणी साठू लागतं. चार महिने काठावर उपड्या पडलेल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. कोणाला मासळीसाठी जाळं टाकायचं असतं, कोणाला नदीतल्या पंपाचा फुटव्हॉल बघायचा असतो, कोणाला पलीकडच्या काठाला जायचं असतं. ज्यांच्या होडीला दोन-चार हॉर्सपॉवरचं छोटं पेट्रोल मशीन आहे, ते पडवीतून मशीन बाहेर काढतात, होडीला लावतात आणि दोरी ओढतात. दहा वेळा ओढतात, वीस वेळा ओढतात. हाताला फोड येतात, पण मशीन काही बोलत नाही.

काठावर चालू न होणारं मशीन हा नुसता डोक्याला ताप आहे. खरा धोका वेगळाच. कधी कधी असं मशीन काठावर कसंबसं चालू होतं आणि मधल्या पाण्यात गेल्यावर बंद पडतं. बॅरेजचे दरवाजे उघडे असले, किंवा वर हतनूर धरणातून पाणी सुटलेलं असलं, तर होडी ओढीला लागते. त्या वेळी दोरी ओढत बसायला सवड नसते. म्हणून हा विषय पैशाइतकाच जिवाचाही आहे.

मशीन असं रुसण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : जूनमध्ये टाकीत तसंच राहून गेलेलं पेट्रोल. ते खराब का होतं, कसं ओळखायचं, सुखरूप कसं काढायचं आणि पुढच्या वर्षी ही पाळी येऊ नये म्हणून काय करायचं, हे या पत्रकात सांगितलं आहे. ज्यांच्याकडे होडी नाही, त्यांनीही पत्रक बाजूला ठेवू नये. कापूस-पपईवर फवारणी करणारा पॉवर स्प्रे, पेट्रोलचा छोटा पाणीपंप, गवत कापायचं मशीन, पॉवर विडर, या सगळ्यांचं दुखणं हेच आहे.

पेट्रोल शिळं होतं म्हणजे काय होतं?

दूध नासतं, तेल खवट होतं, तसं पेट्रोलही टिकत नाही. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण उडून जाणं. पेट्रोल म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. त्यात काही भाग हलका असतो, काही जड. हलका भाग लवकर पेटतो, थंड मशीन चालू होतं ते त्याच्याच जोरावर. टाकीच्या झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं. त्या वाटेने हलका भाग हळूहळू उडून जातो आणि टाकीत उरतो तो जड, आळशी भाग. तो ठिणगीला दाद देत नाही.

दुसरं कारण डिंक धरणं. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन जुन्या पेट्रोलमध्ये चिकट पदार्थ तयार होतो. बाभळीच्या डिंकासारखा तो कार्बोरेटरच्या वाटीत आणि जेटच्या भोकात बसतो. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. ते जरा जरी भरलं तरी मशीनला पुरेसं पेट्रोल मिळत नाही. मग मशीन चालू झालं तरी जोर धरत नाही, भार आला की गुदमरून बंद पडतं.

तिसरं कारण पाणी, आणि आजच्या काळात याच्याकडे जास्त लक्ष दिलं पाहिजे. आपल्या देशात २००३ साली काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२२ साली हे प्रमाण १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ साली २० टक्क्यांवर पोचलं. म्हणजे एक लिटरमध्ये साधारण २०० मिलिलिटर इथेनॉल. हे इथेनॉल उसाच्या मळीपासून, रसापासून आणि मका-तांदळासारख्या धान्यापासून बनतं. शहादा तालुक्यातल्या शेतकऱ्याला ऊस काही परका नाही, तेव्हा इथेनॉलला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्याचा स्वभाव ओळखून वागलं पाहिजे.

स्वभाव असा, की इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं तर मिठाला पाणी सुटतं ना, त्यातलाच प्रकार. पडवीतली दमट हवा झाकणाच्या भोकातून टाकीत शिरते, रात्री गारव्याने टाकीच्या आत दव धरतं, आणि ते पाणी पेट्रोलमध्ये मिसळत राहतं. ठरावीक मर्यादेपर्यंत ते दिसत नाही. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. थंडी पडली की ही मर्यादा आणखी खाली येते. टाकीची तोटी असते तळाला, म्हणून मशीनच्या वाट्याला पहिल्यांदा येतो तो हाच पाणचट थर. तो नीट पेटत नाही, ॲल्युमिनियमच्या भागांना पांढरी पूड धरवतो, पितळेला हिरवट गंज चढवतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक मशीनला तर दुहेरी मार बसतो. त्या थरात ऑइल नीट मिसळलेलं नसतं, त्यामुळे पिस्टन कोरडा चालतो आणि जाम होऊ शकतो.

एकदा थर वेगळा झाला की वरून ताजं पेट्रोल ओतून तो सुधारत नाही. काढून टाकणं हाच उपाय.

शिळं पेट्रोल ओळखायचं कसं?

सारंगखेड्याच्या यात्रेत दात पाहिल्याशिवाय घोडा कोणी घेत नाही. तसंच टाकीतलं पेट्रोल पाहिल्याशिवाय दोरीला हात घालू नये. पांढऱ्या काचेची स्वच्छ, कोरडी बाटली घ्या. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल तिच्यात घ्या आणि सावलीत अर्धा तास न हलवता ठेवा. शेजारी दुसऱ्या बाटलीत थोडं ताजं पेट्रोल ठेवा. मग दोन्ही ताडून बघा.

१. तळाशी वेगळा थर किंवा पाण्याचे मणी दिसले, तर पेट्रोल बाद.
२. रंग गडद, तपकिरी झाला असेल, तर बाद. मात्र टू-स्ट्रोकच्या पेट्रोलला ऑइलचा रंग असतो. त्याची तुलना ताज्या मिसळलेल्या पेट्रोलशीच करा.
३. पेट्रोलचा नेहमीचा झणझणीत वास जाऊन आंबूस किंवा वार्निशसारखा वास येत असेल, तर बाद.
४. गढूळपणा, गंजाचे कण, शेवाळल्यासारखा गाळ दिसला, तर बाद. टाकीही धुवावी लागेल.

वास घेण्यासाठी बाटलीला नाक लावू नका. हाताने वारा घालून वास घ्या.

काळाचा साधारण हिशेब असा धरावा : घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवलेलं पेट्रोल दोन-तीन महिने. ऑइल मिसळलेलं पेट्रोल एक महिना. आणि झाकणाला भोक असलेल्या टाकीत, पावसाळी हवेत राहिलेलं पेट्रोल, तेही महिनाभरच. जूनचं पेट्रोल दसऱ्याला वापरायचं नाही, ही खूणगाठ बांधून ठेवा.

कामाला बसण्याआधी

पेट्रोल स्वतः पेटतं त्याहून त्याची वाफ लवकर पेटते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, खोलगट जागेत साचते आणि दूरच्या चुलीपर्यंतसुद्धा पोचते. म्हणून :

• काम उघड्यावर, सावलीत करा. घरात, पडवीत, गोठ्यात किंवा होडीच्या पोटात करू नका.
• चूल, शेगडी, देवापुढचा दिवा, वेल्डिंग, विजेचं बटण यांपासून निदान ५० फूट लांब बसा.
• विडी-सिगारेट नाही. जवळ बसून गप्पा मारणाऱ्याच्या हातातही नाही.
• लहान मुलं आणि जनावरं लांब ठेवा.
• मशीन पूर्ण थंड असू द्या.
• शेजारी कोरड्या वाळूची बादली भरून ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलं तर पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. वाळू किंवा माती टाका.

लागणारं सामान थोडंच आहे : पेचकस, पक्कड, प्लगचा पाना, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, नरसाळं, बारीक जाळी, एक छोटी वाटी, सुती फडकी, रबरी हातमोजे आणि तपासणीची काचेची बाटली. पाण्याची किंवा सरबताची प्लास्टिक बाटली पेट्रोलसाठी कधीच वापरू नका. तहानलेलं मूल ती तोंडाला लावतं.

सगळ्यात महत्त्वाचं : नळीला तोंड लावून पेट्रोल ओढू नका. ही सवय आपल्याकडे फार आहे. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा श्वासाबरोबर फुप्फुसात गेलेला घोट जास्त घातक असतो. चुकून कोणी प्यायलंच, तर मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. उलटीबरोबर पेट्रोल फुप्फुसात उतरतं. १०८ नंबरवर फोन करा आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. डोळ्यात उडालं तर स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टरला दाखवा.

पेट्रोल काढण्याची रीत

१. मशीन होडीवरून उतरवून घ्या. दोन खांबांना आडवी जाड फळी ठोकून तिच्यावर ते उभं कसा. आडवं ठेवून काम करू नका, पेट्रोल नको तिथे उतरतं.

२. स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा. बंद करण्याची दोरीवाली लाल किल्ली असेल, तर तीही काढून खिशात ठेवा. चुकून दोरी ओढली गेली तरी ठिणगी पडायला नको.

३. टाकीचं झाकण सैल करा. झाकण घट्ट असलं की आत हवा जात नाही आणि पेट्रोल थेंब थेंब येऊन थांबतं.

४. मशीनवरच टाकी असेल, तर तोटी बंद करून तिच्याखालची नळी सोडवा, नळीचं टोक पत्र्याच्या डब्यात घाला आणि तोटी उघडा. टाकी वेगळी असेल, तर नळी मशीनपासून सोडवा, टाकी उचलून नरसाळ्यातून डब्यात रिकामी करा. डबा जमिनीवर ठेवा, गाडीवर किंवा होडीत ठेवू नका.

५. शेवटचं अर्धा कप पेट्रोल टाकीत असताना टाकी गोल हलवा. तळाशी बसलेलं पाणी आणि गाळ त्यासरशी वर उठतो. मग एकदम ओता. नंतर अर्धा कप ताजं पेट्रोल घालून पुन्हा तसंच खळबळून काढा. गाळ येतच असेल, तर स्वच्छ येईपर्यंत करा.

६. नळीच्या मध्ये रबरी फुगा असतो. तो दाबून त्यातलं पेट्रोल काढा. फुगा कडक झाला आहे का, नळीला चिरा पडल्या आहेत का, नळी फुगून मऊ पडली आहे का, ते बघा. जुन्या मशीनच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. शंका आली की नळी बदला. नळीची किंमत थोडी, पाझरलेल्या पेट्रोलच्या आगीची किंमत मोठी.

७. आता कार्बोरेटर. टाकी रिकामी केली म्हणजे काम झालं असं समजून पुष्कळ जण इथे थांबतात, आणि खरं दुखणं आतच राहतं. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीच्या तळाला एक छोटा स्क्रू असतो. त्याच्याखाली वाटी धरा आणि स्क्रू डावीकडे फिरवून सैल करा. दोन-चार चमचे पेट्रोल येईल. ते बाटलीत घेऊन बघा. पाणी, पांढरी पूड किंवा चिकट गाळ निघाला, तर कार्बोरेटर उघडून धुवावा लागेल. स्क्रूचा वायसर हरवू देऊ नका.

८. कार्बोरेटर उघडण्याचा सराव नसेल, तर इथे हात थांबवा आणि मेकॅनिककडे न्या. सराव असेल, तर वाटी उतरवा, जेट काढा, कार्बोरेटर साफ करण्याचा फवारा मारा आणि हवेने फुंका. फवारा मारताना डोळे सांभाळा. जेटच्या भोकात तार, सुई घालू नका. जेट पितळेचं, मऊ असतं. भोक केसभर मोठं झालं तरी मशीन जास्त पेट्रोल पिऊ लागतं आणि धूर ओकतं.

९. पेट्रोलची गाळणी धुवा. कागदी असेल तर बदला.

१०. प्लग काढून बघा. ओला असेल तर पुसून वाळवा, काजळी ब्रशने काढा. प्लग बाहेर आणि लाल किल्ली खिशातच असताना दोरी चार-पाच वेळा सावकाश ओढा, म्हणजे आत साचलेलं पेट्रोल बाहेर पडेल. प्लगच्या भोकासमोर तोंड नेऊ नका.

११. सगळं परत जोडा. सांडलेलं पेट्रोल फडक्याने टिपा, फडकी उघड्यावर पसरून वाळवा. नंतर १५-२० मिनिटं थांबा. वाफ विरून जाऊ द्या.

ताजं पेट्रोल आणि ऑइल

टू-स्ट्रोक मशीनमध्ये ऑइल किती घालायचं ते मशीनच्या पुस्तकात दिलेलं असतं. अंदाजाने झाकणभर ऑइल ओतू नका. हिशेब असा :

• ५० ला १ सांगितलं असेल, तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर.
• ४० ला १ असेल, तर २५ मिलिलिटर.
• २५ ला १ असेल, तर ४० मिलिलिटर.

औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मोजपात्र यासाठी चांगलं. मात्र ते परत औषधाला वापरू नका. पाण्याने थंड होणाऱ्या होडीच्या टू-स्ट्रोक मशीनला टीसी-डब्ल्यू ३ असा शिक्का असलेलं ऑइल लागतं. पॉवर स्प्रेचं मशीन हवेने थंड होतं, त्याचं टू-टी ऑइल वेगळं. फोर-स्ट्रोक मशीन असेल, तर पेट्रोलमध्ये ऑइल मुळीच मिसळायचं नाही. त्याचं ऑइल वेगळ्या जागी असतं, तेवढं तपासा.

पेट्रोल बारीक जाळीतून गाळून भरा. एका वेळी लागेल तेवढंच, आठ-पंधरा दिवसांचंच आणा.

पिंपात चाचणी, मगच नदी

दुरुस्त केलेलं मशीन थेट नदीत नेऊ नका आणि कोरडंही चालवू नका. बहुतेक होडीच्या मशीनमध्ये पाणी खेचणारी रबरी चकती असते. ती पाण्याशिवाय काही सेकंदांतच झिजते, जळते, आणि मग मशीन तापून बसतं. म्हणून २०० लिटरच्या पिंपात मशीनचं खालचं अंग बुडेल एवढं पाणी भरा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्याखाली गेली पाहिजे. काही छोट्या मशीनला न्यूट्रल नसतो, दोरी ओढताच पंखा फिरतो. त्यांचा पंखा आधी उतरवून ठेवा. इतर मशीन न्यूट्रलमध्येच ठेवा आणि हात लांब ठेवा.

लाल किल्ली आणि प्लगची टोपी लावा, फुगा दाबून कडक करा, कुठे पाझरत नाही ना ते बघा, मग दोरी ओढा. चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार येते का ते पाहा. धार नसेल तर लगेच बंद करा. दहा मिनिटं एकसारखं चाललं, तर मशीन बरं झालं असं समजा. पहिल्या दिवशी मात्र काठाकाठानेच फिरा. वल्हं, नांगर आणि पुरेशी लांब दोरी होडीत असलीच पाहिजे, अंगात लाइफ जॅकेट पाहिजे, आणि बॅरेजच्या दरवाजांपासून लांबच राहा. मशीन कितीही भरवशाचं असलं तरी वल्ह्याला पर्याय नाही.

काढलेल्या पेट्रोलचं काय करायचं?

हे पेट्रोल नदीत, विहिरीजवळ, नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. थोडंसं पेट्रोलही विहिरीच्या पाण्याला वास आणतं आणि तो वास लवकर जात नाही. ज्या तापीतून आपण मासळी काढतो, पिकाला पाणी देतो, त्याच पाण्यात ते उतरणार.

चुलीत, स्टोव्हमध्ये, कंदिलात ते घालू नका. रॉकेलची सवय असलेल्या घरात ही चूक सहज होते. रॉकेलची वाफ सहज पेट घेत नाही, पेट्रोलची थंडीतही घेते, आणि स्टोव्हचा स्फोट होतो. डिझेल इंजिनात किंवा ट्रॅक्टरमध्येही मिसळू नका, पंप आणि नोझल खराब होतात. तणावर मारायलाही वापरू नका, जमीन नासते.

महिन्या-दीड महिन्याचं, स्वच्छ, थर न धरलेलं आणि ऑइल न मिसळलेलं पेट्रोल असेल, तर चार-पाच पट ताज्या पेट्रोलमध्ये मिसळून जमिनीवरच्या पंपाला किंवा विडरला वापरता येतं. होडीला ते वापरू नका. बाकीचं सगळं पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद करून वर ठळक अक्षरात ‘खराब पेट्रोल’ असं लिहा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या. आत काय आहे ते स्पष्ट सांगा, न सांगता त्यांच्या ऑइलच्या पिंपात ओतू नका. गावातल्या पाच-दहा जणांनी मिळून एकदाच नेलं, तर फेरी एकच पडते.

पुढच्या पावसाळ्याआधी

मृग नक्षत्र लागण्याआधी, होडी काठावर काढायच्या आठवड्यात, एवढं केलं तर वरचा सगळा खटाटोप वाचतो.

• शेवटच्या पंधरा दिवसांत पेट्रोल बेतानेच आणा.
• टाकी रिकामी करा. मशीन पिंपात लावून चालू करा, तोटी बंद करा किंवा नळी सोडवा, आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपतं. उरलंसुरलं तळाच्या स्क्रूने काढा.
• मशीन थंड झाल्यावर प्लग काढून भोकात चमचाभर ऑइल सोडा, लाल किल्ली काढून दोरी दोन-तीनदा सावकाश ओढा आणि प्लग परत बसवा. आतला भाग गंजत नाही.
• पत्र्याच्या टाकीला आतून ऑइलचा हलका हात फिरवा.
• खालच्या गिअरचं ऑइल बघा. दुधासारखं पांढुरकं दिसलं, तर आत पाणी शिरलं आहे. सील बदलून घ्या.
• मशीन उभं, कोरड्या जागी, खताच्या पोत्यांपासून लांब ठेवा. खताच्या ओलसर हवेने धातू लवकर गंजतो.
• पेट्रोलच्या डब्याला चिठ्ठी बांधा : कोणत्या तारखेला आणलं, ऑइल मिसळलं की नाही. शंभर उपायांत हा सगळ्यात स्वस्त.

श्रोत्यांचे नेहमीचे प्रश्न

‘टाकीत दोन लिटर आहे. एवढं फेकायचं का?’ पेट्रोल जातं तेव्हा जीव हळहळतो, हे खरं. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडा. कार्बोरेटर खराब झाला, पिस्टन जाम झाला, तर दुरुस्तीचा खर्च दोन लिटरच्या कितीतरी पट जातो. वर ऐन हंगामातले दिवस जातात ते वेगळेच.

‘टाकी भरून ठेवली तर हवा राहत नाही, मग पाणी कसं धरेल?’ भरलेल्या टाकीत दव कमी धरतं, हे बरोबर. पण भोकातून दमट हवा येतच राहते, पेट्रोल जुनं होतच राहतं आणि घरात आगीचा साठा राहतो. चार महिने ठेवायचं असेल, तर छोट्या मशीनची टाकी रिकामीच बरी.

‘मशीन अधूनमधून चालू केलं तर?’ पंधरा दिवसांनी पिंपात पाच-दहा मिनिटं चालवलं तर कार्बोरेटर मोकळा राहतो. पण टाकीतलं पेट्रोल त्याने ताजं होत नाही.

‘बाटलीत थर दिसला नाही, तरी मशीन चालू होत नाही.’ मग प्लगची ठिणगी, गाळणी आणि जेट या क्रमाने तपासा. पेट्रोल हे पहिलं कारण असतं, एकमेव नसतं.

थोडक्यात ध्यानात ठेवा

दोरी ओढण्याआधी पेट्रोल बाटलीत बघा. टाकीबरोबर कार्बोरेटरची वाटीही रिकामी करा. नळीला तोंड लावू नका. काढलेलं पेट्रोल पाण्यात आणि चुलीत जाऊ देऊ नका. पिंपात दहा मिनिटं चालवल्याशिवाय मशीन नदीत नेऊ नका.

नर्मदेच्या बाजूला, सरदार सरोवराच्या फुगवट्यालगतच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत कित्येक पाड्यांना होडीनेच ये-जा करावी लागते. तिकडचे कोणी पाहुणे-सोयरे असतील, तर हे पत्रक त्यांनाही वाचून दाखवा. आपल्या घरातल्या तरुण मुलाला शेजारी बसवून एकदा सगळी रीत करून दाखवा. एका सकाळचं काम आहे, आणि मधल्या पाण्यात होडी असताना त्याची किंमत कळते.